वाचकांचे प्रश्न : उष्णतावाहक इपॉक्सीसाठी कोणती पूड वापरावी?

प्रश्न : मी घरच्या घरी एलईडी दिवे जोडतो. एलईडीची गोल चकती अ‍ॅल्युमिनियमच्या हीट सिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) कायमची चिकटवायची असते. त्यासाठी मिळणारे तयार उष्णतावाहक चिकटद्रव्य महाग पडते. साध्या दोन नळ्यांच्या इपॉक्सीत एखादी पूड मिसळून ते घरी करता येईल का? चांदी, तांबे आणि हिरा यांची उष्णतावाहकता पुस्तकात फार मोठी दिलेली असते. मग त्यांपैकी काय निवडावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : करता येईल, परंतु पुस्तकातील तो तक्ता पाहून पूड निवडल्यास पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक आहे. साध्या इपॉक्सीची उष्णतावाहकता सुमारे ०.२ वॅट प्रति मीटर केल्विन असते. अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची) सुमारे ३०, चांदीची ४२० ते ४३० आणि चांगल्या हिऱ्याची २००० च्या आसपास असते. या आकड्यांवरून असे वाटते की हिऱ्याची पूड घातलेले मिश्रण अ‍ॅल्युमिनाच्या मिश्रणापेक्षा कितीतरी पटींनी सरस ठरेल. तसे होत नाही, कारण मिश्रणातील प्रत्येक कणाभोवती इपॉक्सीचे वेष्टण असते आणि एका कणातून दुसऱ्या कणात जाताना उष्णतेला ते ओलांडावेच लागते. कण स्वतः इपॉक्सीच्या शंभरपट वाहक झाला की अडथळा उरतो तो केवळ मधल्या इपॉक्सीचा, आणि कण त्याहून उत्तम असला तरी त्या अडथळ्यात काही फरक पडत नाही.

अशा मिश्रणाचा हिशोब जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्येच मांडून ठेवला आहे. त्यांच्या सूत्रानुसार मिश्रणाच्या घनफळात ४० टक्के पूड असेल, तर अ‍ॅल्युमिनाचे मिश्रण ०.५९ पर्यंत पोहोचते आणि हिऱ्याचे ०.६० पर्यंत. संगमरवराच्या पुडीची स्वतःची वाहकता जेमतेम अडीच-तीन असते, तरी तिचेही मिश्रण ०.४८ च्या आसपास जाते. उलट अ‍ॅल्युमिनाच वापरून त्याचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले, तर आकडा ०.७८ होतो. कण एकमेकांना टेकू लागले की प्रत्यक्ष वाहकता सूत्राच्या वर जाते, कारण हे सूत्र कण सुटे सुटे आहेत असे धरून चालते. चांदी भरलेली कारखान्यातील चिकटद्रव्ये चांगली ठरतात ती याच कारणाने, त्यांतील चांदीचे पापुद्रे एकमेकांवर टेकलेले असतात. घरी हाताने ढवळून तितके दाट भरणे साधत नाही. म्हणून पूड निवडताना पहिला प्रश्न ‘ती किती वाहक आहे’ हा नसून ‘ती इपॉक्सीत किती मावते’ हा असावा.

पूड किती मावते हे कणांच्या आकारावर आणि मापावर ठरते. गोलसर, ठोकळ कण भरपूर मावतात. चपटे पापुद्रे आणि अतिसूक्ष्म कण रेझिन (इपॉक्सीचा मुख्य द्रव भाग) पिऊन टाकतात आणि मिश्रण लवकरच पिठाच्या गोळ्यासारखे घट्ट होते. टाल्कम पावडर याच कारणाने निरुपयोगी आहे. दोन मापांचे कण एकत्र केल्यास मोठ्या कणांमधील फटी लहान कण भरून काढतात आणि त्याच पातळपणात अधिक पूड बसते. लहान कणाचा व्यास मोठ्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा असावा आणि वजनाने मोठे कण सुमारे ७० टक्के, लहान ३० टक्के असावेत.

माझी शिफारस घासकामाच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या अ‍ॅल्युमिना पुडीची आहे. ती विद्युतरोधक आहे, स्वस्त आहे आणि तिच्या कणांचे माप ठरलेले असते. एफ ४०० या प्रतीचे कण सरासरी १७ मायक्रॉनचे आणि एफ १२०० चे सुमारे ३ मायक्रॉनचे असतात. ही जोडी चांगली जमते. बारीक प्रत न मिळाल्यास तिच्या जागी थोडे झिंक ऑक्साइड चालते, मात्र ते फार सूक्ष्म असल्याने मिश्रण पटकन घट्ट करते. २२० सारखी जाडी प्रत घेऊ नये. तिचे कण ६०-७० मायक्रॉनचे असतात आणि कितीही दाबले तरी चिकटद्रव्याचा थर त्यांच्यापेक्षा पातळ होत नाही. ‘अ‍ॅल्युमिना’ या नावाखाली अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा ओलावा शोषणारी सच्छिद्र अ‍ॅल्युमिनाही विकली जाते, ती नको.

थराच्या जाडीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक घरगुती प्रयत्न तेथेच फसतात. २० मिलिमीटर व्यासाच्या चकतीतून १० वॅट उष्णता जात आहे असे धरू. साध्या इपॉक्सीचा ०.१ मिलिमीटर जाडीचा थर असेल, तर त्याच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे १६ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. वर सांगितलेले ४० टक्क्यांचे मिश्रण त्याच जाडीत लावले, तर तो फरक ५ अंशांवर येतो. पण तेच मिश्रण घट्ट झाल्यामुळे अर्धा मिलिमीटर जाड राहिले, तर फरक २७ अंशांवर जातो, म्हणजे पुडीविना लावलेल्या पातळ थरापेक्षाही वाईट. आग्रह धरून पूड वाढवत नेणाऱ्याने हा हिशोब आधी करावा. दाबल्यावर कडेने सहज बाहेर येईल इतकेच मिश्रण दाट ठेवावे.

वजनाचे प्रमाण असे : रेझिन आणि हार्डनर (रेझिनला कडक करणारा दुसऱ्या नळीतील भाग) मिळून १० ग्रॅम असतील, तर ४० टक्के घनफळासाठी सुमारे २३ ग्रॅम अ‍ॅल्युमिना लागते. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी घेऊ नये. तासाभराहून अधिक वेळ देणारे संथ इपॉक्सी घ्यावे, म्हणजे अडकलेली हवा वर येण्यास अवधी मिळतो. पूड ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास वाळवून, थंड करून घ्यावी. रेझिन आणि हार्डनर समप्रमाणात असतील, तर निम्मी पूड एकात आणि निम्मी दुसऱ्यात स्वतंत्रपणे कालवावी आणि मग दोन्ही एकत्र करावीत, कारण सगळी पूड एकाच भागात घातल्यास ती नीट भिजतच नाही. हार्डनरचे प्रमाण नेहमी रेझिनच्या वजनावर ठरवावे, पुडीसह झालेल्या वजनावर नव्हे. चिकटवण्याचे पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, चकती जागेवर दाबून वजन ठेवावे आणि इपॉक्सी पूर्ण कडक होईपर्यंत हलवू नये.

एक सावधगिरी. अ‍ॅल्युमिनाचे कण कठीण असतात. चकती दाबताना मागेपुढे घासल्यास हीट सिंकवरील अ‍ॅनोडायझिंगचा (पृष्ठभागावर मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडचा) थर ओरखडला जातो, आणि विद्युतरोधासाठी त्याच थरावर विसंबलेले असल्यास धोका संभवतो. पूड हाताळताना एन ९५ मुखपट्टी आणि नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. इपॉक्सीच्या हार्डनरची त्वचेला एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती सहसा जात नाही.

प्रश्न : आमच्या लेथवर तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा कीस भरपूर पडतो. तो बारीक करून वापरता येईल का? पेन्सिलीतील ग्रॅफाइट कसे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कीस वळलेला आणि ओबडधोबड असतो, त्यामुळे तो कमी मावतो आणि थर जाड करतो. अ‍ॅल्युमिनियम दळून बारीक करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. त्याची हवेत उडालेली बारीक धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटते. शिवाय धातू भरलेल्या थरावर विद्युतरोधक म्हणून विश्वास ठेवता येत नाही. मल्टीमीटर अनंत रोध दाखवील, परंतु मल्टीमीटरचा दाब काही व्होल्टच असतो. २३० व्होल्टच्या मुख्य प्रवाहाशी जोडलेल्या दिव्यात त्याच थरातून विजेला वाट मिळू शकते. ग्रॅफाइटही विद्युतवाहक आहे, त्याचे पापुद्रे रेझिन पितात, आणि ओलावा मिळाल्यास त्याच्या संपर्कातील अ‍ॅल्युमिनियम गंजते.

प्रश्न : बोरॉन नायट्राइड आणि अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड यांची शिफारस वाचली. ती पैसे मोजण्याजोगी आहेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या कामासाठी नाहीत. बोरॉन नायट्राइड मऊ आहे, विद्युतरोधक आहे आणि पापुद्र्याच्या लांबीच्या दिशेने उष्णता फार चांगली वाहते. पण थर दाबला की पापुद्रे पृष्ठभागाला समांतर आडवे पडतात आणि उष्णतेला त्यांच्या कमजोर दिशेने, म्हणजे जाडीतून, जावे लागते. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडची साधी पूड दमट हवेत हळूहळू अमोनिया सोडत बिघडते. कोकणात पावसाळ्यात ती उघडी ठेवण्याचा विचारही करू नये. बेरिलियम ऑक्साइडचे नाव कोठे वाचले असेल, तर ते विसरावे. जुन्या उच्च शक्तीच्या रेडिओ ट्रान्झिस्टरमधील पांढरी चकती या पदार्थाची असू शकते. ती फोडून पूड केल्यास धुळीने फुप्फुसांना गंभीर आजार होतो.

प्रश्न : केलेले मिश्रण चांगले झाले की नाही, हे घरी कसे तपासावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : एकाच मापाच्या दोन चकत्या आणि दोन सारखे हीट सिंक घ्यावेत. एक चकती साध्या इपॉक्सीने आणि दुसरी मिश्रणाने चिकटवावी, दोन्हींना सारखाच प्रवाह द्यावा आणि तापमान स्थिर होईपर्यंत थांबून थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या तारेने) चकतीचे तसेच तिच्या अगदी शेजारी हीट सिंकचे तापमान मोजावे. दोन तापमानांतील फरकच महत्त्वाचा असतो. चकतीचे तापमान एकटे पाहिल्यास खोलीतील वाऱ्याचा परिणाम थराच्या नावावर जमा होतो. उष्णता मोजताना विजेचे सगळे वॅट धरू नयेत, कारण त्यांतील काही भाग प्रकाश होऊन बाहेर जातो. त्यानंतर दिवा काही दिवस चालू-बंद करून पुन्हा मोजावे. खोलीच्या तापमानात कडक झालेले इपॉक्सी साधारण ५० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि फरक वाढलेला आढळला, तर चकतीची कड सुटू लागली आहे असे समजावे.