रत्नागिरीत एका घराच्या पाटीवर ‘प्रोफेसर एमेरिटस’ असे वाचले. याचा अर्थ निवृत्त प्राध्यापक एवढाच का?

नाही; निवृत्तीनंतरही ज्यांचे पदनाम संस्थेने सन्मानार्थ कायम ठेवले आहे, असे प्राध्यापक म्हणजे एमेरिटस, आणि मराठीत त्यासाठी ‘गुणश्री प्राध्यापक’ हा, माझ्या मते मुळाहूनही गोड, प्रतिशब्द रूढ आहे. मूळ लॅटिन शब्द सेवेची मुदत पुरी करून मोबदल्यास पात्र ठरलेल्या रोमन सैनिकासाठी वापरला जाई; इ. स. पू. २५ मध्ये अशाच सैनिकांसाठी स्पेनमध्ये ‘एमेरिता ऑगस्टा’ हे नगर वसवले गेले आणि आजच्या ‘मेरिदा’ या शहरनामात तो शब्द अजून ऐकू येतो. मात्र हा बहुमान संस्थेने द्यावा लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त होणारा प्रत्येक प्राध्यापक आपोआप गुणश्री ठरत नाही.