गच्चीवरून : शनीची कडी गेली कुठे?

या महिन्यात पत्रं बरीच आहेत, पण एका पत्रावर जास्त लिहिणार आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : काका, मुलगी सातवीत आहे. तिच्या हट्टापायी ऑनलाइन दुर्बीण मागवली, ७० मिलिमीटरची. खोक्यावर ५२५ पट असं छापलंय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर तासभर खटपट करून शनी सापडला. पण दिसलं काय, तर तांदळाच्या दाण्याएवढा पिवळट ठिपका आणि त्यातून आरपार सुई खुपसल्यासारखी एक रेघ. पुस्तकातली ती रुंद कडी कुठेच नाहीत. मुलगी रडकुंडीला आली. दुर्बीण बिघडलेली आहे का? परत करण्याची मुदत संपत आली आहे. शिवाय सासूबाई म्हणतात की शनीकडे असं रोखून बघू नये.
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, मुदत संपू द्या. दुर्बीण चांगली आहे. तुमच्या मुलीने जे पाहिलं ते मला पहिल्या खेपेला मिळालं नव्हतं.

सातपूरला टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली मी. २००३च्या डिसेंबरात पंचवटीतल्या एका मित्राच्या गच्चीवर पहिल्यांदा शनी पाहिला. आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावला आणि तोंडातून निघालं, "अरे, हा तर वॉशर!" पॉलिश केलेला छर्रा आणि त्याच्याभोवती कुठेही न टेकता तरंगणारा चपटा वॉशर. मित्र आजही लोकांसमोर मला वॉशरवाला म्हणून हाक मारतो. त्या वर्षी कडी जवळजवळ पूर्ण उघडलेली होती, त्यामुळे माझं कौतुक काहीच नाही.

शनीचा अक्ष पावणेसत्तावीस अंशांनी कललेला आहे आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्यामुळे आपल्याला त्याची कडी कधी वरून, कधी खालून, आणि एका फेरीत दोन वेळा थेट काठावरून दिसतात. २३ मार्च २०२५ला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली. तेव्हा शनी सूर्याच्या तोंडाशी होता, कुणालाच धड बघता आला नाही. मग कडी जराशी उघडली आणि नोव्हेंबरअखेर पुन्हा मिटली. कल अर्ध्या अंशाहूनही कमी उरला. तुम्ही गच्चीवर गेलात ते नेमकं त्यानंतर आठवडाभराने. असा योग आता २०३८-३९ मध्ये. मुलगी तेव्हा पंचविशीत असेल.

काठावरून आल्यावर कडी नाहीशी का होतात, हे आमच्या भाषेत सांगतो. मुख्य कड्यांचा व्यास दोन लाख सत्तर हजार किलोमीटरच्या वर आहे आणि जाडी बऱ्याच ठिकाणी जेमतेम दहा-वीस मीटर, म्हणजे एखाद्या अपार्टमेंटच्या उंचीएवढी. जाडी दहाच मीटर धरा आणि याच प्रमाणात २७० मीटर व्यासाची चकती बनवा. तिची जाडी येते दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. जाडी मोजायच्या मायक्रोमीटर या हत्यारावरचा सगळ्यात छोटा भाग तेवढाच असतो. एवढी मोठी आणि इतकी पातळ चकती मला कुणी मशीनवर काढायला सांगितली असती तर मी राजीनामा दिला असता. आणि ती अखंड चकती नाहीच. बर्फाचे असंख्य तुकडे आहेत, धुळीच्या कणापासून घराएवढ्या ढेकळांपर्यंत, प्रत्येक आपापल्या वाटेने फिरणारा.

मुलीला आणखी एक सांगा. १६१० साली गॅलिलिओने वीसेक पटीच्या दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा त्याला तीन गोळे शेजारी शेजारी दिसले. १६१२ मध्ये बघतो तर बाजूचे दोन गायब! शनीने आपली पोरं गिळली की काय, असं त्याने पत्रात लिहिलं. तीही अशीच मिटलेली कडी होती. हे कडं आहे हा उलगडा ख्रिश्चन हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने छापून जाहीर केला तो १६५९ मध्ये. तेव्हा पहिल्याच रात्री रेघ दिसली म्हणून रडू आलं, त्यात वावगं काही नाही. गॅलिलिओचीही पंचाईतच झाली होती.

आता तांदळाच्या दाण्याबद्दल. दुर्बिणीबरोबर २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस आले असतील. तुमच्या नळीचं केंद्रांतर, म्हणजे मोठ्या भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, बहुधा ७०० मिलिमीटर असेल; त्याला आयपीसच्या १०ने भागलं की सत्तर पट. सत्तर पटीला शनी कड्यांसकट नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राच्या दीडपट रुंद दिसतो. खोटं वाटेल, पण हिशेब करून बघा. मोठ्या काळ्या वर्तुळात एकटा पडल्यामुळे तो दाणा वाटतो. डोळ्यालाही सवय लागते. बारीक माप घ्यायची व्हर्निअर पट्टी पहिल्या दिवशी कुणालाच वाचता येत नाही.

५२५चा आकडा विसरून जा. भिंगाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे पट वाढवून फायदा नसतो, म्हणजे तुमच्या दुर्बिणीला १४० पुष्कळ झाले. त्यापुढे फक्त धूसरपणा मोठा होतो. खोक्यात बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जादा भिंग, असेल तर ते तूर्त कपाटात ठेवा. आधी २५चा आयपीस, शनी मधोमध, मग १०चा. दिवसा लांबच्या टाकीवर किंवा मोबाईल टॉवरवर छोटी शोधक दुर्बीण जुळवून घ्या, म्हणजे रात्री तासभर जायचा नाही. (सूर्याच्या आसपास मात्र नळी कधीही वळवू नका.) आणि सत्तर पटीला शनी तीनेक मिनिटांत नजरेआड सरकतो. घरातली सगळी रांगेत असतील तर प्रत्येकाच्या आधी पुन्हा मधोमध आणा. नाहीतर आजोबा रिकामं आकाश बघून "छान आहे" म्हणतात.

दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधीच गच्चीवर नेऊन ठेवा, नळी थंड होऊ दे. शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून बघू नका; तापलेल्या पत्र्यावरची हवा उकळत असते आणि शनी त्यात भजं तळल्यासारखा हलतो. तिपाई डुगडुगत असेल तर मधल्या खुंटीला पाण्याची भरलेली बाटली टांगा. शनीसाठी गंगापूर धरणापर्यंत जायची गरज नाही, सिडकोच्या दिव्यांतही तो तसाच दिसतो. हवा शांत हवी. आपल्याकडे थंडीची लाट येते तेव्हा आकाश काचेसारखं असतं आणि ग्रह मात्र थरथरतात. गोदाकाठी हलकं धुकं असलेल्या रात्री मला उलट जास्त स्थिर शनी मिळालाय.

रेघेच्या ओळीत जरा दूर एक फिका ठिपका दिसतो का, ते मुलीला शोधायला सांगा. कड्याच्या पूर्ण लांबीच्या साडेचार पट अंतरापर्यंत तो कुठेही असू शकतो. तो टायटन, शनीचा चंद्र, हॉयगेन्सनेच १६५५ मध्ये शोधलेला. सोळा दिवसांत एक फेरी मारतो. वहीत रोज त्याची जागा काढली तर दुर्बिणीचे पैसे तिथेच वसूल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा. तो एका राशीत अडीच वर्षं काढतो आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते, हे कुणीतरी वर्षानुवर्षं रोखून बघितल्याशिवाय कळलं कसं असेल? माझी आई नांदगावजवळ नस्तनपूरच्या शनीला जायची. तिला दुर्बिणीतून दाखवला तर आधी चप्पल काढली, मग बघितलं, मग म्हणाली, "एवढासा आहे होय?" आणि पुन्हा डोळा लावला. सासूबाईंनाही एकदा वर बोलावून बघा.

हा अंक हाती येईल तेव्हा शनी संध्याकाळी पश्चिमेला खाली उतरलेला असेल. मार्चअखेर सूर्याआड जाईल. पावसाळ्याचं सोडून द्या. ४ ऑक्टोबर २०२६ला तो सूर्याच्या बरोबर समोर येतो, रात्रभर आकाशात असेल आणि कडी सात-आठ अंश उघडलेली असतील. माझा वॉशर पूर्ण रुंद दिसायला २०३२ उजाडेल. दरवर्षी एक चित्र काढून ठेवायला सांगा.

प्रश्न : आयपीसला मोबाईल लावून फोटो काढला तर नुसता पांढरा गोळा येतो. — एक वाचक, ओझर

उत्तर : स्क्रीनवर ग्रहाला बोट लावून उजेड खाली ओढा. फोटोऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, त्यातलं एखादं चित्र स्वच्छ निघतं. हात कापतोच, मोबाईल धरायचा क्लॅम्प घ्या.

प्रश्न : २०२७च्या सिंहस्थाचा शनीशी काही संबंध आहे का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही, तो गुरूचा. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा आपला सिंहस्थ, आणि त्याला एक फेरी मारायला बारा वर्षांना थोडी कमी लागतात. कडी गुरूलाही आहेत, पण इतकी फिकी की १९७९ मध्ये व्हॉयेजर यान जवळून गेलं तेव्हा सापडली. गच्चीवरून शोधू नका. त्याचे चार चंद्र बघा, ते २५च्या आयपीसनेही दिसतात.