नाशिकच्या गांधीनगरहून एअरलाइनकडे निघालेल्या लष्करी वैमानिक मित्रा

आर्मी एव्हिएशन स्कूलमध्ये शिकलास, चीता-चेतक उडवलेस, हे मोलाचं आहेच. पण हेलिकॉप्टरचा परवाना वेगळा, विमानाचा वेगळा. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नेव्हिगेशन (दिशादर्शन), मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), रेग्युलेशन्सचे (नियमांचे) पेपर नोकरीत असतानाच देऊन टाक. क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी आधी, प्रशिक्षणाची फी नंतर. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइन कॅप्टनच्या परवान्याला, उड्डाणाचे १५०० तास लागतात, म्हणून लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) रोजच्या रोज लिही, सही-शिक्का मागे ठेवू नकोस.

खरा बदल स्वभावात करावा लागतो. फौजेत कामगिरी पुरी करूनच परतायची सवय अंगात मुरते. इथे ढगात हजार फुटांवर अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) स्थिर नसेल, तर गो-अराउंड करायचा, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर न्यायचं. नाशिकच्या ओझर विमानतळावर पावसाळ्यात ढग खाली उतरतात तेव्हा तर उतरायचा हट्ट मुळीच नको. शेजारी तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) असेल; तो 'गो-अराउंड' म्हणाला, की आधी विमान वर न्यायचं, चर्चा जमिनीवर. रँक कॉकपिटच्या दाराबाहेर ठेव. मला यापेक्षा महत्त्वाचं काहीच वाटत नाही.

टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा, खर्च मोठा असतो, फंडाची सगळी रक्कम त्यात घालू नकोस. आणि रोस्टरबद्दल (ड्युटीच्या वेळापत्रकाबद्दल) घरी आत्ताच बोल, गणपतीत सुट्टी मिळेलच असं नाही.