स्लिपवर तिचं नाव आहे का?

प्रश्न : मी एका बिस्किट कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. आम्ही तीन कारखान्यांकडून साखर घेतो. यंदा वरिष्ठांनी ऊसतोड मजुरांच्या परिस्थितीची माहिती मागवायला सांगितली. एका कारखान्याने कळवलं, 'तोडणी मुकादम (मजूर पुरवणारा कंत्राटदार) करतो, मजूर आमचे नाहीत.' हे पत्र फाइलला लावून विषय संपवावा का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : संपवू नका, ताई. मी 31 वर्षं कारखान्याच्या शेतकी खात्यात काढली. 'मजूर आमचे नाहीत' हे वाक्य मी स्वतः कितीतरी पत्रांत लिहून दिलंय. ते खोटं होतं.

उचल, म्हणजे हंगामाआधी मजुराला दिलेले आगाऊ पैसे, कुठून निघते ते बघा. गळीत हंगामाच्या कितीतरी आधी तोडणी-वाहतुकीचा करार होतो, तो कारखान्याशी. त्याच पैशातून मुकादम बीडकडच्या गावांत जाऊन कोयत्यामागे उचल वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळी कुठे उतरवायची, आज कुणाचा फड, म्हणजे उसाचं शेत, तोडायचा, हे आमचा चिटबॉय (फडावर स्लिपा देणारा कारखान्याचा माणूस) ठरवायचा. प्रत्येक खेपेच्या स्लिपवर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, गाडी आणि टोळीचा कोड असायचा. वजनात घोळ झाला तर संध्याकाळपर्यंत कुठल्या फडातली खेप ते आम्ही शोधून काढायचो.

एका जानेवारीत फडावर गेलो होतो. आठवा महिना लागलेली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती. नवरा तापाने कोपीत, म्हणजे झोपडीत, पडलेला. तिने हात थांबवला असता तर खाडा, म्हणजे काम बुडवल्याचा दंड, लागला असता आणि त्याचे पैसे उचलीत चढले असते. मी स्लिप तपासली आणि मोटारसायकलला किक मारली. त्या बाईचं नाव मला कधीच कळलं नाही. आमच्या एकाही कागदावर ते नव्हतं. कोयता नवऱ्याच्या नावाने लागायचा. याची मला आजही लाज वाटते.

2019 मध्ये बीड जिल्ह्यात शासनाच्या समितीसाठी 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही त्यामागचं एक कारण असल्याचं बायकांनीच सांगितलं आहे. तुमच्या बिस्किटातली साखर याच हातांतून येते.

कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. म्हणजे मुकादमाकडे बोट दाखवून कारखाना मोकळा होत नाही. आणि तुमची कंपनीही. संयुक्त राष्ट्रांनी 2011 मध्ये मान्य केलेली उद्योग आणि मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की तुमच्या मालाशी थेट जोडलेलं नुकसान पुरवठादाराकडे होत असलं, तरी ते थांबवण्यासाठी तुम्ही प्रयत्न केला पाहिजे. या तत्त्वांमागे कायद्याची सक्ती नाही, पण खरेदीचा करार तर तुमच्याच हातात आहे.

त्या कारखान्याला पुन्हा पत्र लिहा. टोळीनिहाय यादी मागा, बायकांच्या नावांसकट. खाडा किती कापला, उचलीतलं किती फिटलं, हे मजुराला लेखी मिळतं का, विचारा. कोप्यांजवळ पाणी, शौचालय आणि मुलांसाठी साखरशाळा आहे का, तेही विचारा.

मग जानेवारीत स्वतः जा. तपासणीला येणारे लोक गेटवर येतात, बॉयलर बघतात, चहा घेऊन परत फिरतात; मीच त्यांना फिरवलंय. तुम्ही पहाटे चारला कोप्यांवर जा, बायका भाकऱ्या थापत असतात तेव्हा. मुकादमाला लांब ठेवा आणि त्यांच्याशी एकट्या बोला.

एक मात्र करू नका. वाईट दिसलं म्हणून त्या कारखान्याची खरेदी एका फटक्यात तोडू नका. कारखान्याला दुसरं गिऱ्हाईक मिळेल, त्या बायकांची उचल मात्र तशीच अंगावर राहील. त्यापेक्षा पुढच्या हंगामाचा भाव ठरवताना पाण्याचा आणि शौचालयांचा खर्च त्यात धरा, आणि नवरा-बायको दोघांची नावं स्लिपवर येण्याची अट करारात घाला. ऑक्टोबरच्या आत घाला, कारण त्यानंतर टोळ्या गाव सोडतात.