पेशीची ‘आत्महत्या’ आणि प्रतिलेखन घटकांचा ‘आदेश’

प्रश्न असा आला आहे: जीवशास्त्राच्या मजकुराचं भाषांतर करताना ‘प्रतिलेखन घटक पेशीला आत्महत्येचा आदेश देतात’ असं वाक्य तयार झालं. ते ठेवावं का?

माझ्या मते ठेवू नये. ‘आत्महत्या’ तर जावाच, पण त्याच्याही आधी ‘आदेश’ जायला हवा.

प्रतिलेखन घटक ही डीएनएवर ठरावीक जागी बसून एखाद्या जनुकाची आरएनए-प्रत निघणं वाढवणारी किंवा रोखणारी प्रथिनं. ‘आदेश’ म्हटलं की वरून एकानं सोडलेलं फर्मान डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात तिथे रस्सीखेच चालते. सीनोरॅब्डायटिस एलिगन्स हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कृमी घ्या. उभयलिंगी कृमीच्या वाढीत १,०९० कायिक (प्रजननपेशी सोडून इतर) पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात; प्रत्येक कृमीत त्याच. त्याच्या घशातली एनएसएम नावाची चेतापेशी जगते, त्याच विभाजनातून जन्मलेली तिची जुळी बहीण मात्र मरते. या बहिणीत एचएलएच-२ आणि एचएलएच-३ हे घटक जोडीनं ईजीएल-१ या जनुकापाशी बसतात आणि ते चालू करतात. सीईएस-१ हा तिसरा घटक नेमक्या त्याच जागेवर बसून जनुक बंद ठेवू शकतो. पण सीईएस-२ हा चौथा घटक सीईएस-१ ची निर्मितीच दाबून धरतो, म्हणून जोडीला जागा मिळते. सीईएस-२ बिघडला तर मरायची ती बहीण जगते! यात आदेश कोणी कोणाला दिला?

शिवाय घटक स्वतः मारतही नाहीत. ईजीएल-१ चं प्रथिन सीईडी-४ ला अडकवून ठेवणाऱ्या सीईडी-९ ला धरतं, त्यामुळे सीईडी-४ मोकळं होतं आणि सीईडी-३ हे प्रथिनं कापणारं विकर जागं होतं. म्हणून ‘घटक पेशीला मारतात’ हेही चूक.

‘आत्महत्या’ या शब्दात एकाचा निर्णय आणि त्यामागची वेदना असते. इथे दोन्ही नाहीत.

मग पर्याय काय? ‘पूर्वनियोजित’ आला की मराठीत पाठोपाठ ‘कट’ किंवा ‘खून’ येतो, तो नको. ‘नियत पेशीमृत्यू’ कानाला गोड लागतो आणि कृमीला शोभतोही, पण पी५३ या प्रतिलेखन घटकाला लागू पडत नाही. डीएनएला इजा झाल्यावर हा घटक कधी विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देतो, तर कधी पूमा, नॉक्सा ही मृत्यूकडे नेणारी जनुकं चालू करतो. एनएफ-कप्पा-बी हा दुसरा घटक मात्र बहुतेकदा जगवणारी जनुकं चालू करतो. म्हणजे शेवट आधी ठरलेला नसतो, यंत्रणा तेवढी तयार असते. म्हणून मी ‘नियोजित पेशीमृत्यू’ लिहीन.

‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हा त्याचा समानार्थी शब्द समजू नये. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक अर्थ पानं-पाकळ्या गळणं. ‘पानगळ’ म्हणायचा मोह मलाही होतो, पण हा नियोजित मृत्यूचा एक प्रकार आहे, नेक्रॉप्टोसिससारखे इतरही आहेत. तेव्हा तो तसाच राहू द्यावा.

वाक्य असं करा: ‘नियोजित पेशीमृत्यू घडणार की टळणार, हे प्रतिलेखन घटकांच्या परस्परक्रियेवर अवलंबून असतं.’