सर्दीची आणि तापाची गोळी एकत्र घ्यायची असल्यास वेष्टनावर काय वाचावे?
ठळक अक्षरांतील व्यापारी नावापेक्षा घटकद्रव्यांची नावे आधी वाचावीत, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामाइन (शिंका व वाहत्या नाकासाठीचे औषध) व फिनाइलएफ्रिन (चोंदलेल्या नाकासाठीचे औषध) यांच्या जोडीने पॅरासिटामॉल हे तापाचे औषधही असते. त्यामुळे तापासाठी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी घेतल्यास तेच औषध नकळत दोनदा पोटात जाते. निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची दिवसभरातील कमाल मर्यादा सर्व गोळ्या मिळून ४ ग्रॅम मानली जाते. यकृताचा विकार असल्यास किंवा नियमित मद्यपान होत असल्यास मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. क्लोरफेनिरामाइनमुळे गुंगी येते, म्हणून ती गोळी घेऊन वाहन चालवू नये.

मुदत संपण्याचा केवळ महिना व वर्ष छापलेले असल्यास औषध त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत वापरता येते. सुट्या गोळ्या घेताना दुकानदार नेमका हाच मजकूर असलेला पट्टीचा तुकडा पुष्कळदा स्वतःकडे ठेवतो, तेव्हा तो आधी पाहून घ्यावा. पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध दुकानदाराने सहज दिले तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेण्याचे नव्हे.