शेकडो मॉड्यूल्सच्या जावा प्रोजेक्टचा डिपेंडन्सी ग्राफ काढायला ग्राफविझ घ्यावं की गेफी?

ग्राफविझ. गेफीत हजारो नोड (आकृतीतले ठिपके, इथे मॉड्यूल्स किंवा क्लासेस) ओतले की रंगीत झुबके छान दिसतात, पण कोण कोणावर अवलंबून आहे ही दिशा त्यात हरवते, आणि तुम्हाला नेमकी तीच हवी आहे. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) ८ पासून जेडेप्स हे कोडमधल्या डिपेंडन्सी शोधणारं टूल सोबतच येतं. त्याला डॉटआउटपुट सांगा, मिळालेली फाइल ग्राफविझच्या डॉट या चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला द्या.

पण अख्ख्या सिस्टिमचं चित्र काढून भिंतीवर लावू नका. त्या गुंत्याकडे बघून कुणीही काहीही सिद्ध करतं, आणि हे मी पाहिलेलं आहे.

पुण्यात एका कंपनीत असताना बिलिंग, ग्राहक आणि सूचना अशी आमची तीन मॉड्यूल्स एकमेकांत अडकली होती. एकाला हात लावला की तिन्ही पुन्हा रिलीज करायची. मी ग्राफविझसोबतच येणाऱ्या एससीसीमॅप या एकमेकांत अडकलेले नोड शोधणाऱ्या टूलने तेवढाच अडकलेला भाग वेगळा काढला आणि डॉटने छापून मीटिंगला नेला. दोन बाण खाली जात होते, सूचनाकडून बिलिंगकडे जाणारा एक वर. आमच्या आर्किटेक्ट साहेबांनी त्या वरच्या बाणावर बोट ठेवलं आणि सूचना मॉड्यूल सांभाळणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर सुनावलं, ‘लेयरिंग तुम्ही मोडलंय.’ म्हणजे वरच्या थराने खालच्यावर अवलंबून राहायचं, उलट नाही, हा नियम.

डॉट नोड थरांत मांडतं. सुगियामा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत. थर लावायचे तर सायकल, म्हणजे बाणांमागे जात पुन्हा त्याच नोडवर येणारी वाट, चालत नाही, म्हणून डॉट आधी सायकलमधला एखादा बाण मनातल्या मनात उलटा धरतं, थर लावतं आणि छापताना तो मूळ दिशेनेच दाखवतं. तोच वर जाताना दिसतो. म्हणजे वर जाणारा बाण इतकंच सांगतो की इथे सायकल आहे. कोणता बाण वर जाणार हे फाइलमध्ये कोणती ओळ आधी आली यावरही ठरतं.

मी तिथेच लॅपटॉप उघडून ओळींची अदलाबदल केली. आता बिलिंगकडून ग्राहककडे जाणारा बाण वर गेला. साहेब म्हणाले, ‘मग हे टूलच भरवशाचं नाही,’ आणि आपली पीपीटी लावली. त्यात सगळे बाण खालीच जात होते, कारण ते त्यांनी हाताने काढले होते.

मग जेडेप्स क्लासच्या पातळीवर चालवलं. सूचनाला बिलाची रक्कम लागते, बिलिंगला ग्राहक लागतो, हे रास्तच. ग्राहककडून सूचनाकडे जाणारा बाण मात्र मोबाइल नंबर तपासणाऱ्या एकाच क्लासवर उभा होता. तो क्लास कॉमन या सामायिक मॉड्यूलमध्ये हलवला की सायकल संपत होती. दोन्ही चित्रांत हा बाण निमूटपणे खाली जात होता. त्या मुलीला कुणी सॉरी म्हटलं नाही, याचा राग मला अजून आहे.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. कोडमधून न निघालेली डिपेंडन्सीची आकृती मीटिंगमध्ये पुरावा म्हणून चालवूच नये, काढणारा कितीही सीनियर असो. आणि सायकल शोधायला डोळे वापरू नका. सायकलींत अडकलेले भाग शोधणारा टार्जनचा १९७२ चा अल्गोरिदम नोड आणि बाण यांच्या बेरजेच्या प्रमाणातच वेळ घेतो, म्हणून हजारो क्लासेसचं काम चुटकीसरशी होतं. तो प्रत्येक बिल्डला चालवा आणि नवी सायकल आली की बिल्ड पाडा. चित्र फक्त अडकलेल्या भागाचं काढा. सायकल तोडल्यावर ग्राफविझमधलंच टीरेड हे टूल चालवलं, तर दुसऱ्या वाटेने आधीच सिद्ध होणारे बाण गळतात आणि चित्र वाचण्याजोगं होतं. सायकल असताना त्याचं उत्तर एकच असेल असं नाही, तसा इशारा ते स्वतःच देतं.

एक राहिलं. जेडेप्स क्लास फाइल्स वाचतं. रिफ्लेक्शन (प्रोग्राम चालू असताना नावावरून क्लास शोधणं), स्प्रिंग या फ्रेमवर्कच्या एक्सएमएलमधली जोडणी, क्यूवरून जाणारे मेसेज, दोन मॉड्यूल्सनी वापरलेलं एकच टेबल, यातलं काहीही त्याला दिसत नाही. तुमच्याकडे हे भरपूर असेल तर ते बाण कॉन्फिगरेशनमधून स्क्रिप्टने काढून त्याच डॉट फाइलमध्ये घाला, वेगळ्या रंगात.